मागच्या खिडकीतले दगडफूल

१४ सप्टेंबर, सकाळ

सूनबाईंनी आज माझ्यावर एक शास्त्रीय जबाबदारी सोपवली. वस्तुतः मीच ती घेतली. परंतु त्या काही बोलल्या नाहीत, यावरून ती योग्य हाती पडली असे मी समजतो.

सूनबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. दूरच्या डोंगरातून त्यांनी काही फांद्या आणल्या आहेत. फांद्यांवर राखाडी-हिरवे, झालरीसारखे काहीतरी चिकटलेले. मी बुरसा म्हणालो. त्या म्हणाल्या, बाबा, हे दगडफूल. याला मुळं नाहीत, कातडी नाही. हवेतून जे येईल ते सगळं आत घेतं. नको म्हणायची सोयच नाही त्याला, म्हणून हवा बिघडली की आपल्याआधी त्याला कळतं. जाळीच्या पिशव्यांत घालून ते ठिकठिकाणी टांगायचे. कुठले हिरवे राहते आणि कुठले पांढरे पडते, यावरून परिसराच्या हवेचा नकाशा काढायचा.

केवळ हवेवर जगणाऱ्या तपस्व्यांची वर्णने मी आयुष्यभर वाचली. दर्शन आज झाले.

पुढे कळले की हा एक जीव नसून दोन आहेत. एक बुरशी, एक शेवाळ. बुरशी घर बांधते. हिरवे शेवाळ त्या घरात राहून उन्हावर दोघांपुरते अन्न रांधते. मी म्हणालो, हा तर साक्षात गृहस्थाश्रम. आमची ही आतून म्हणाली, रांधणारं कोण ते विचारायलाच नको. आणि हसली. हसता हसता खोकली.

त्याच दिवशी, संध्याकाळ

खोकल्यावरूनच विषय निघाला. चिरंजीव आणि सूनबाई यांचे मत असे की हिला इथली हवा सोसत नाही, हिला धाकट्या बहिणीकडे, शहराबाहेरच्या टेकडीवर, राहायला पाठवावे. ज्या घरात चाळीस वर्षे दोन्ही वेळचा पाठ आणि धूप चुकलेला नाही, त्या घरातली हवा बिघडेल कशी, हा माझा प्रश्न होता.

तोडगा मीच काढला. हिच्या खोलीच्या खिडकीबाहेर एक पिशवी टांगायची. जानेवारीपर्यंत ती हिरवी राहिली, तर स्थलांतराचा विषय पुन्हा काढायचा नाही. पांढरी पडली, तर ही जाईल. चिरंजीव म्हणाले, बाबा, नक्की ना? मी म्हणालो, शब्द एकदाच दिला जातो.

हिचे मत कोणी विचारले नव्हते, हे आता लिहिताना ध्यानात येते. उद्या विचारीन.

१८ सप्टेंबर, सकाळी सात

पिशव्या टांगून झाल्या. एक पुढच्या बाल्कनीत, रस्त्याच्या बाजूला. एक गच्चीवर. एक फाटकाजवळच्या झाडाला. एक समोरच्या लॉन्ड्रीच्या भिंतीला. आणि एक मागे, हिच्या खिडकीबाहेर. देवघर आणि हिची खोली शेजारी शेजारी; दोन्हींच्या खिडक्या दोन इमारतींमधल्या अरुंद बोळकांडीत उघडतात. तिथे ऊन नाही, वारा नाही, रस्त्याचा आवाज नाही. खोकला असलेल्या माणसाला याहून निवांत जागा कोणती.

सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. म्हणाले, आजोबा, ही कसली घरटी बांधलीत? मी विषय सविस्तर समजावू लागलो. त्यांना गॅसवर दूध ठेवल्याचे आठवले.

निश्चय: रोज पाहणी. रोज नोंद. विज्ञानाला श्रद्धेचे साहाय्य मिळाले तर काय घडते, हे जगाला दिसले पाहिजे.

५ ऑक्टोबर

सर्व हिरवे. मागचे विशेष हिरवे, असे मला वाटले. (चष्मा देवघरात राहिला होता.)

धुपाविषयी एकदा नीट लिहून ठेवतो. धुपाटण्यात निखारे फुलवावेत. त्यांवर राळ, ऊद, चंदनाचा भुसा आणि चमचाभर तूप. धूर दाट झाला की देवघर आणि हिची खोली यांमधले दार मी उघडतो, म्हणजे औषधी अंश वाया जात नाही. उरलेला धूर खिडकीतून बोळकांडीत उतरतो आणि तिथे बराच वेळ तरंगत राहतो, जणू त्याचाही पाय निघत नाही. माझ्या डोळ्यांना अलीकडे तो झोंबतो. यास्तव पुढचे वाचन मी बाल्कनीत करतो.

आज वाचताना एक सुखद गोष्ट लक्षात आली. मी श्लोक संपवला की आतून हिचा खोकला येतो. पुन्हा श्लोक, पुन्हा खोकला. ठेका कुठे चुकत नाही. एवढ्या वर्षांच्या सहवासात माणूस पाठाशी असा एकरूप होतो.

उशीचा अभ्रा पिवळा पडतो, अशी हिची तक्रार. जुने सूत पिवळे पडायचेच, असे मी सांगितले.

१९ ऑक्टोबर, सकाळी

चष्मा लावून पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

मागच्या पिशवीतल्या झालरीच्या कडा पांढऱ्या झाल्या आहेत. मध्ये काही ठिपके गुलाबी, जुन्या जखमेच्या कडेला असतात तसे. बाकी चारही ठणठणीत; रस्त्यावरच्या बाल्कनीतले तर मजेत आहे.

म्हणजे रस्त्याचा दोष नाही. म्हणजे कोणीतरी गुप्तपणे धूर करत आहे. तो बोळकांडीत शिरतो आणि माझ्या शब्दाच्या मुळावर उठला आहे.

दुपारी विचार केला. उत्तर सापडले. लॉन्ड्री.

२१ ऑक्टोबर

लॉन्ड्रीवाल्याची भेट घेतली. त्याचे दुकान आमच्या फाटकासमोर. माझे सदरे तोच धुतो. प्रथम मी वायुतत्त्वाची थोरवी सांगितली, मग बॉयलरची चौकशी केली. तो म्हणाला, आजोबा, बॉयलर केव्हाच विजेवर घेतला, धूर दाखवा, आत्ता विझवतो. मी म्हणालो, सूक्ष्म असेल. तो म्हणाला, इतका सूक्ष्म की तुमच्या झाडपाल्यालाही दिसत नाही? माझ्या भिंतीवरची पिशवी तर बघा, कशी टवटवीत आहे.

हे मला मान्य करणे भाग होते. परंतु अपराधी माणूस आपल्या अंगणात कचरा टाकत नसतो.

निघताना तो म्हणाला, राग मानू नका, पण तुमचे सदरे मी वेगळे भिजवतो. इतर गिऱ्हाइकं म्हणतात आमच्या कपड्यांना धुराचा वास लागला.

हा कांगावा. नोंद करून ठेवली.

निश्चय: उद्यापासून धूप तीन वेळा. अग्नीला पावक म्हणतात ते उगाच नव्हे. तो शिवतो ते पवित्र होते. एका दुष्ट धुराचा सामना सत्प्रवृत्त धुरानेच करावा लागेल.

३ नोव्हेंबर, दुपार

ही आजकाल दुपारी बाल्कनीत जाऊन बसते. त्या पिशवीजवळ स्टूल ओढून घेते. निसर्गाची गोडी या वयात लागली, याचे समाधान आहे. परंतु तिथे रस्त्याची धूळ. मी समजावून आत आणले. ती म्हणाली, पाच मिनिटं बसू द्या हो, इथे बरं वाटतं. मी म्हणालो, वाटणे आणि असणे यांत भेद आहे. यावर थोरांनी फार लिहून ठेवले आहे. उठली. दाराच्या चौकटीला हात टेकून थांबली. मग आत गेली.

दार मी उघडेच ठेवले. दुपारचा धूप नुकताच पेटला होता.

१५ नोव्हेंबर

मागची पिशवी अर्धीअधिक पांढरी. जानेवारी लांब नाही.

चिंतन केले. एकाच जागी सतत राहून कोणीही कोमेजते. आज सूनबाई कॉलेजात असताना मागची पिशवी बाल्कनीत नेली आणि बाल्कनीतली टवटवीत पिशवी मागे आणून टांगली. दोऱ्यांचे रंग वेगळे होते, तेही बदलले. यात लबाडी नाही. आजारी मनुष्याला हवापालट करवतात, तसे दगडफुलाला करवले.

ही पाठीमागे येऊन उभी राहिली होती, हे मला नंतर कळले. काय करताय, असे विचारले. मी म्हणालो, याला मोकळ्या हवेची गरज आहे. ती म्हणाली, हो, त्याला आहे खरी.

२८ नोव्हेंबर

छातीचे डॉक्टर. भरपूर तपासण्या. फुंकायला लावले, हिची फुंकर यंत्राच्या पहिल्या रेघेपर्यंतही पोहोचली नाही. डॉक्टरांनी विचारले, घरात कोण ओढतं? मी सांगितले, आमच्या सात पिढ्यांत कोणी विडीला शिवलेले नाही. त्यांनी विचारले, लाकडाची चूल? कोळसा? मी सांगितले, चूल आमच्या आजीबरोबर गेली. ते म्हणाले, मग आश्चर्य आहे, कारण ही छाती धुरात राहिलेल्या माणसाची आहे.

मी म्हणालो, अगदी बरोबर, आणि लॉन्ड्रीचा सर्व वृत्तांत सांगितला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि हिच्याकडे पाहिले. ही हसू लागली. मग हसणे राहिले आणि नुसता खोकला उरला. नर्सने पाणी आणले.

परतताना विचारले, हसलीस का? म्हणाली, काही नाही, डॉक्टरांच्या कोटाचं बटण चुकीच्या काजात होतं.

सूनबाईंना डॉक्टरांचे निदान सांगितले. चुलीच्या प्रश्नोत्तरांचा भाग अनावश्यक असल्याने गाळला.

९ डिसेंबर

अशुभ.

मागे आणून टांगलेल्या नव्या पिशवीच्या कडा पांढऱ्या पडल्या. पहिलीला लागला त्याहून कमी काळ लागला. उलट बाल्कनीत नेलेली जुनी, मेली म्हणून मी सोडून दिली होती, ती जिथे अर्धी होती तिथेच थांबली आहे. पांढरे पुढे सरकले नाही.

याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. पैकी एक मी लावून पाहिला आणि बाजूला ठेवला. दुसरा असा की हा दोष संसर्गजन्य असून खिडकीच्या गजांत भिनला आहे. गज राखेने घासले. फडके काळे झाले. पुन्हा घासले, पुन्हा काळे. भिंतीवर बोट फिरवले, बोट काळे. देवघरातल्या मूर्तीचे मुखही सावळे झाले आहे. ते मात्र तेज.

धुपात राळ वाढवली.

२० डिसेंबर, संध्याकाळ

सोसायटीची मीटिंग. मी बोलावलेली. विषय: परिसरातील गुप्त धूर व त्याचा कर्ता. लॉन्ड्रीवाल्यास मुद्दाम निमंत्रण दिले होते. तो स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यांत आला, हा त्याचा निर्ढावलेपणा.

प्रास्ताविक मी केले. वायूच्या स्तुतीपासून आरंभ करून बॉयलरपर्यंत आलो तेव्हा काही मंडळी घड्याळे पाहत होती. मग सूनबाईंनी नकाशा लावला. दगडफुलात आत किती हिरवा जीव उरला आहे, हे प्रकाश टाकून मोजणारे यंत्र त्यांच्याकडे आहे. गच्ची उत्तम. झाड ठीक. लॉन्ड्रीची भिंत ठीक. आमच्या बाल्कनीतली अर्धी पांढरी, परंतु रस्ता असूनही टिकून.

मग त्यांनी मागच्या खिडकीवर बोट ठेवले. तिथे काळा ठिपका होता. सबंध नकाशात एकच.

सेक्रेटरी शेवटी म्हणाले, आजोबा, तुमच्या त्या बाजूला जिन्यात वास मात्र फार चांगला येतो हो. लॉन्ड्रीवाला आपल्या चपलांकडे पाहत होता. त्याने हसायला हवे होते. तो हसला नाही, हे मला आवडले नाही.

मी आभार मानले आणि सांगितले की समोरून निघालेला धूर वरून वळसा घेऊन बोळकांडीत पडतो, हे आता सिद्ध झाले आहे. टाळ्या झाल्या नाहीत. मीटिंग संपली.

२१ डिसेंबर, सकाळ

सूनबाई देवघराच्या उंबऱ्याशी आल्या. आत आल्या नाहीत. खोकला येईल असे वाटले असावे. म्हणाल्या, बाबा, मागच्या खिडकीत आत्ता आहे ती फांदी बाल्कनीतली ना? माझ्याकडे प्रत्येक फांदीचा फोटो आहे.

मी म्हणालो, हवापालट.

त्या म्हणाल्या, मग तुम्ही माझ्यापेक्षा चांगला प्रयोग केलात. चांगलं मागे नेलं, ते मेलं. मरणारं पुढे आणलं, ते टिकलं. आता एक महिना धूप बंद ठेवून बघू या. देव रागावणार नाही, बाबा. आई तर कधीच रागावल्या नाहीत.

विदुषी आहेत. परंतु शास्त्र एका बाजूने शिकल्या आहेत. मी सौम्यपणे नकार दिला. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसले (धूर असावा), म्हणून तडजोड केली: दुपारचा धूप बंद.

२६ डिसेंबर

दुपारचा धूप बंद आहे. थंडी फार असल्याने सकाळचा जरा लांबतो. दुपारपर्यंत.

हिने आज विचारले, त्या दगडफुलातलं आधी कोण मरतं? सूनबाईंनी सांगितले, आई, हिरवं आधी. बुरशीला लगेच कळतही नाही. घर आपलं तसंच उभं राहतं, पांढरं. ही म्हणाली, वाटलंच मला.

संवाद कशावरून सुरू झाला ते समजले नाही. मी निखारे फुलवत होतो.

४ जानेवारी

पहाटे पाठाला बसलो. श्लोक संपवला आणि थांबलो. आतून खोकला आला नाही. पुढचा म्हटला. आला नाही. मनाशी म्हटले, गुण आला. समाधानाने अध्याय पुरा केला.

आत गेलो तेव्हा ती पलंगावर बसलेली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, ओठ जांभळे. खोकण्याइतकाही श्वास नव्हता. खोलीत पलीकडची भिंत दिसत नव्हती.

चिरंजीवांनी उचलून नेले. ॲम्ब्युलन्समध्ये दोघांनाच जागा होती. चिरंजीवांसोबत सूनबाई गेल्या.

७ जानेवारी

ही अजून हॉस्पिटलात. नाकाला नळी. खिडकीतून आकाश दिसते असे सांगते. श्वास बरा आहे. तिथली हवा कोणत्याही मंत्राने संस्कारित नाही, तरी बरा आहे. औषधांचा प्रभाव.

माझ्याकडून होईल ते मी करत आहे. तिच्या आरोग्यार्थ तिच्या रिकाम्या खोलीत दिवसभर अखंड धूप ठेवला आहे. परत येईल तेव्हा खोली पूर्ण शुद्ध असेल. छतावर एक पाल असायची, ती दिसली नाही.

मी मात्र बाल्कनीतच बसलो.

११ जानेवारी, दुपार

आली. चिरंजीवांचा हात धरून जिना चढली. आपल्या खोलीच्या दाराशी आली आणि थांबली. चांगला मिनिटभर. मी म्हणालो, ये, सगळे तयार आहे.

ती म्हणाली, नको.

लग्नाला इतकी वर्षे झाली; हा शब्द तिच्या तोंडून मी मला उद्देशून ऐकल्याचे आठवत नाही. मोठ्याने नव्हता. जेवताना पुन्हा वाढायला कोणी आले तर म्हणावा तसा होता.

मग म्हणाली, अहो, पांढरं पडलंय ना ते? शब्द एकदाच दिला जातो. मी जाते बहिणीकडे. तुम्हीही चला. मी म्हणालो, देवघराचे कोण पाहील? ती म्हणाली, हो, तेही खरंच. आणि माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

सामान फारसे नेले नाही. बाल्कनीतली ती अर्धी पांढरी पिशवी मात्र सोडवून घेतली आणि मांडीवर ठेवून गाडीत बसली.

१९ जानेवारी

सूनबाईंनी मागच्या खिडकीतली पिशवी शेवटची मोजली. यंत्रावर शून्य. मी म्हणालो, पण दिसते तर सगळे जागच्या जागी. त्या म्हणाल्या, हो बाबा, दिसतं.

त्यांना नमुना हवा होता. मी म्हणालो, राहू दे तिथेच. राहू दिला.

संध्याकाळी हिचा फोन. जेवलात का, असे विचारले. जेवलो, असे सांगितले. बहिणीच्या अंगणात पेरूचे झाड आहे, त्याला पिशवी बांधली आहे. काही फरक आहे का, असे मी विचारले. म्हणाली, आहे तशीच आहे, घाई काय आहे तिला. मग बहिणीच्या कुत्र्याविषयी बोलली, शेजारणीच्या चष्म्याविषयी बोलली, न थांबता. मी खोकल्याची वाट पाहत होतो. फोन ठेवेपर्यंत आला नाही.

पाठाला बसलो. श्लोक संपला. थांबलो. पुढचा सुचला नाही.

आज धूप लावला नाही. कोळसे दमट होते.